डब्यातला पाऊस

शाळेच्या अमृत महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठव असा निरोप आला आणि सगळ्यात आधी आठवला तो डालड्याचा डबा. गुरुजी त्यानंतर आठवले. ते वाचत असतील तर रागावणार नाहीत, हसतील.

1989-90 साली मी चौथीत होतो. पुरंदर तालुक्याचा आमचा हा पूर्वेकडचा भाग अवर्षणाचा. ढग घाटमाथ्यावर रिकामे होऊन येतात, आमच्या वाट्याला नुसता वारा. अशा गावात गुरुजींनी जूनमध्ये पोरांना घरचा अभ्यास दिला, तो पाऊस मोजण्याचा! सरळ बाजूंचा डबा उघड्यावर ठेवायचा, रोज शाळेला निघण्याआधी त्यात पट्टी उभी धरायची, मिलिमीटर वहीत लिहायचे आणि पाणी ओतून द्यायचं.

आमच्या घरात तेव्हा रिकामा डबा नव्हता. मी काचेच्या बाटलीवर रॉकेलचं नरसाळं बसवलं आणि कुंपणाला बांधलं. पहिला बरा पाऊस झाला त्या सकाळी बाकीच्यांचे आकडे आले 11, 12, 13. माझा 48. "ह्यांच्या वस्तीवर आभाळ फाटलं," म्हणून वर्ग हसला. गुरुजींनी मला बाटली पाण्यासकट, नरसाळ्यासकट घरून आणायला लावली. नरसाळं डालड्याच्या डब्यावर पालथं घातलं, तोंडाला तोंड बरोबर जुळलं. मग म्हणाले, "आता बाटलीतलं पाणी डब्यात ओत." ओतलं. पट्टी धरली, 12.

"पाऊस नरसाळ्याच्या तोंडाने गोळा केलास आणि मोजलास बाटलीच्या पोटात. मग?" एवढंच विचारून ते फळ्याकडे वळले. व्यास दुप्पट तर क्षेत्रफळ चौपट, हे सूत्र पुढे हायस्कुलात आलं, तेव्हा मला ते पाठ करावं लागलं नाही.

तक्त्यात तारीख आणि मिलिमीटर यांच्या शेजारी तिसरा रकाना होता, नक्षत्राचा. तो घरच्या मोठ्या माणसांना विचारून भरायचा. आमच्या घरी हे खातं आजीकडे. तिला अक्षर ओळख नव्हती, पण मृगापासून स्वातीपर्यंत सगळी नक्षत्रं आणि त्या सालची त्यांची वाहनं तोंडपाठ. बेडूक, म्हैस, हत्ती असले की पाऊस भरपूर. कोल्हा असला की तिचा चेहरा पडायचा. "लबाड हाय त्यो. डबा ठिवू नगंस, उगा तापंल."

मी ते वर्गात जसंच्या तसं सांगितलं. गुरुजींनी अंधश्रद्धा वगैरे काही म्हटलं नाही. त्यांनी चौथा रकाना आखला, वाहनाचा, आणि प्रत्येक नक्षत्र संपलं की त्या तेरा-चौदा दिवसांची बेरीज करून आजीचं भाकीत आणि डब्याचा आकडा समोरासमोर मांडायला लावलं. कधी आजी जिंकायची, कधी डबा. आजी हरली की म्हणायची, डबा वाकडा ठेवला असशील.

भेंडीचे ठसे, चिकणमातीची फळं हे कार्यानुभवात सगळ्याच शाळा करायच्या. चिंचोके मात्र आमचेच. पुरंदरचा तह शिकवताना गुरुजींनी प्रत्येकाला 35 चिंचोके मोजून घ्यायला लावले, एक चिंचोका म्हणजे एक किल्ला. "आता 23 मिर्झाराजांना द्या." मूठ रिकामी होत जाते तसं पोटात काहीतरी होतं. उरलेले 12 मी कितीतरी दिवस दप्तरात बाळगले होते.

दिवाळीच्या सुट्टीतला अभ्यास म्हणजे किल्ला. अट एकच, पुरंदरच करायचा, कारण तो शाळेच्या पटांगणातून दिसतो आणि चुकला तर कळतो. बालेकिल्ला, माची, शेजारी वज्रगड, उतारावर हळीव पेरलेलं. हळीव बोटभर उगवलं आणि त्याच रात्री पाऊस आला. सकाळी अंगणात दगड आणि चिखल, मुरारबाजी पालथा पडलेला. मी रडत होतो आणि आजी ओसरीवर खुशीत. "पडतील स्वाती तर पिकतील मोती," शाळू पेरलेला होता ना! मी डबा बघायला गेलोच नाही, आजीच पट्टी हातात देऊन म्हणाली, "आधी मोज."

परवा माझ्या मुलीचा प्रकल्प होता. रात्री अकराला मी थर्मोकोल कापत होतो, ती झोपली होती. गुण चांगले मिळाले, मला.

आमच्या वर्गाचा तो मोठा तक्ता गुरुजींनी 26 जानेवारीला व्हरांड्यात टांगला. खाली माहिती देणाऱ्यांची नावं होती, त्यात आजीचं पूर्ण नाव. झेंडावंदनाला ती डोक्यावरचा पदर सावरत आली. कुठलं नाव माझं, म्हणाली. मी बोट ठेवून दाखवलं. तिने ते या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं आणि विचारलं, "एवढ्यातच बसतंय व्हय?"