एमजीबीचा क्लच: आधी पिन बघा, मग इंजिन उतरवा

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा क्लच बदलायचा म्हणजे इंजिन बाहेर काढणं आलंच. जीपसारखा गिअरबॉक्स खालून उतरवून भागत नाही, गाडीच्या तळातल्या ज्या बोगद्यात तो बसतो, तिथं मागं सरकायला जागाच नाही. घरी करायला घेतलं तर दोन दिवस गृहीत धरा. म्हणूनच 'क्लच गेला' असं ठरवण्याआधी तासभर तपासणीत घालवलेला बरा.

क्लच घसरतोय की सुटत नाहीये, हे आधी बघा. पसरणीच्या चढाला टॉप गिअरमध्ये पाय दाबल्यावर आरपीएम वाढतो आणि वेग तिथंच राहतो, तर प्लेट संपलीय किंवा तिच्यावर ऑईल आलंय. तिथं इंजिन उतरवण्याला पर्याय नाही. पण पेडल दाबूनही रिव्हर्स करकरत पडत असेल, तर दोष बहुतेक वेळा बाहेरच असतो.

पेडल आणि मास्टर सिलिंडरचा (पेडलच्या जोरानं फ्लुइड ढकलणारा) दांडा जोडणारी क्लेव्हिस पिन काढा. मधोमध कमरेसारखी झिजलेली दिसेल आणि पेडलचं भोक लांबट झालेलं असेल. ही झीज मिलिमीटरभरच असते, पण पेडलच्या तरफेमुळं पायाखालचा बराच प्रवास फुकट जातो. नवी पिन टाका, भोक वेल्डिंगनं भरून परत पाडून घ्या. मग एकाला पेडल दाबायला बसवा आणि खाली गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरचा (त्या फ्लुइडनं क्लच सोडवणारा) दांडा किती सरकतो ते मोजा. अर्धा इंच, म्हणजे 12-13 मिमी तरी सरकलाच पाहिजे. कमी भरला तर स्लेव्हचं रबरी बूट मागं ओढा. आतून फ्लुइड गळलं तर सील गेलं. कोरडं असेल तर हवा, मास्टरचं सील किंवा आतून फुगलेला जुना होज, यांपैकी एक.

सांगलीत आणखी एक प्रकार होतो. पावसाळाभर गाडी हलली नाही की प्लेट गंजून फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनमागच्या जड चकतीला चिकटते. 2019 च्या पुरात पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांचं तर विचारूच नका. लाकडी ठोकळा लावून पेडल रात्रभर दाबून ठेवा. पुष्कळदा प्लेट सुटते, क्लच बदलावा लागत नाही.

आता खरंच उघडायचं ठरलं तर पाने बघा. या गाडीवर मिमीचे पाने चालत नाहीत. 7/16 च्या डोक्यावर 11 चा बसत नाही, 1/2 वर 13 चा सैल बसतो आणि कोपरे खातो. 7/16, 1/2, 9/16 आणि 5/8 असे इंची पाने हवेत. ॲम्बेसेडरवर हात बसलेल्या जुन्या मिस्त्रीकडं ते असतात. त्या गाडीचं 1489 सीसीचं इंजिन याच बी-सिरीज नावाच्या इंजिन घराण्यातलं, एमजीबीचं 1798 सीसी. इंजिन ओळखीचं वाटलं तरी ॲम्बेसेडरची क्लच प्लेट 'बसवून टाकू' म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

इंजिन आणि गिअरबॉक्सचं वजन दोनशे किलोंच्या आसपास जातं. पत्र्याच्या शेडच्या अँगलला चेनपुली लटकवू नका. बोअरची मोटर काढणाऱ्यांकडं तीन पायांचा स्टँड भाड्यानं मिळतो, फक्त त्याचे पाय गाडीच्या रुंदीबाहेर, पाच फुटांपेक्षा जास्त फाकले पाहिजेत. इंजिन एकटंही काढता येतं, पण पहिल्यांदा करणाऱ्यानं दोन्ही एकत्रच काढावं. प्रोपेलर शाफ्ट, स्पीडोमीटरची केबल, गिअर लिव्हर, मागचा क्रॉसमेंबर एवढं जास्तीचं सुटतं, पण जोडणी जमिनीवर, डोळ्यांसमोर होते. गिअरबॉक्सचं ऑईल आधी काढा, नाहीतर तिरका केला की शेपटीकडून सगळं अंगणात.

स्लेव्ह सिलिंडरचा पाइप सोडू नका. सिलिंडर नुसता दोन बोल्ट काढून तारेनं बाजूला बांधा, म्हणजे हवा काढायचं काम वाचतं. घरातल्या पोरांना मात्र सांगून ठेवा: पेडलला पाय लावायचा नाही. पिस्टन बाहेर उडतो.

प्रेशर प्लेटचे (क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणारं कव्हर) सहा बोल्ट समोरासमोरचे, एकेक फेरा सोडा. एका बाजूनं सोडत गेलात तर कव्हर वाकतं. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा केसासारख्या चिरा असतील तर लेथवर साफ करून घ्या. क्रँकच्या टोकातला, गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक पेलणारा स्पिगॉट बुश काढायला पुलर लागत नाही. भोकात ग्रीस ठासून भरायचं, घट्ट बसणारी सळई घालून हातोडा मारायचा. ग्रीसच्या दाबानं बुश मागं सरकत बाहेर येतो. ग्रीसऐवजी भिजवलेला पावही चालतो, हसू नका. नवा बुश रात्रभर इंजिन ऑईलमध्ये बुडवून ठेवा. इंजिन बाहेर आहे तोवर क्रँकचं मागचं सीलही बघा. जुन्या प्लेटवर काळं ऑईल असेल तर ते बहुतेक तिथूनच आलंय. सील न बदलता नवी प्लेट बसवणं म्हणजे पैसे पाण्यात.

नवी प्लेट आधी गिअरबॉक्सच्या पुढच्या दांड्यावर, म्हणजे इनपुट शाफ्टवर सरकवून बघा. जुन्या आणि नंतरच्या गिअरबॉक्सचे स्प्लाइन (शाफ्टवरचे खाचेदार दाते) वेगळे आहेत. बसवताना प्लेटच्या हबचा (मधल्या तुंब्याचा) उंच भाग गिअरबॉक्सकडं. उलटी बसली की हब फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासतो, क्लच सुटत नाही आणि सगळं परत खाली. मधोमध धरायला अलाइनमेंटचा दांडा हवाच. व्हर्नियरनं मापं घेऊन लेथवाल्याकडून करून घेता येतो. फ्लायव्हीलचे बोल्ट 40 फूट-पाउंडांनी आवळा, लॉक पत्र्या नव्या. कव्हरचे 25 ते 30.

पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला दाबणारं रिलीज बेअरिंग कार्बनचं असतं. त्याला ग्रीस लावायचं नाही, आणि 'हे काय कोळशाचं' म्हणून बॉल बेअरिंग बसवण्याचाही सल्ला मिळेल. आमच्या मते कार्बनच बरं. फक्त खंबाटकीच्या रांगेत पेडल दाबून उभं राहायचं नाही, न्यूट्रल करायचं. हे बेअरिंग सरकवणाऱ्या फोर्कचा बुश ढिला असेल तर तोही आत्ताच बदला.

जोडताना गिअरबॉक्स टॉप गिअरमध्ये टाका आणि मागची फ्लँज हळूहळू फिरवत पुढं ढकला. बोटभर फट राहून अडलं, तर बोल्ट आवळून ओढू नका. प्लेट मधोमध नाही, एवढाच त्याचा अर्थ. गिअरबॉक्सचं वजन शाफ्टवर लटकू देऊ नका, हब वाकतो.

सगळं करून पाइप सोडावाच लागला असेल, तर नेहमीच्या पद्धतीनं हवा निघत नाही, कारण पाइप वर चढून मग खाली येतो आणि बुडबुडा माथ्यावर अडकतो. औषधाच्या दुकानातून 50 मिलीची सिरिंज आणा, नळीनं स्लेव्हच्या निपलला जोडा आणि डॉट 4 फ्लुइड खालून वर सावकाश ढकला. त्याआधी मास्टरच्या टाकीतलं थोडं काढून घ्या. रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, पुसत बसू नका.