परतीची गाडी

शेंडीच्या थांब्यावर एसटीतून उतरले, पिशवी खांद्याला अडकवली आणि समोरच्या टपरीवाल्याला विचारलं, "संगमनेरला शेवटची गाडी कितीला?" सुलू माझ्या मागून उतरत होती. तिचा एक पाय अजून पायरीवरच होता. "अगं भवाने, आधी पोचू तरी दे!"

जुनाच रोग आहे माझा. लग्नाला गेले तर अक्षता पडायच्या आधी मी परतीचं विचारून ठेवते. तेवढं एकदा कळलं की मग मठ्ठ्याची दुसरी वाटीही गोड लागते. सुलू अगदी उलट. सकाळी राजूरला गाडी जरा थांबली तर ही पेढे आणायला खाली उतरली. राजूरचे पेढे, म्हणजे उतरायला हवंच, मान्य. पण कंडक्टरने डबल बेल दिली तेव्हा ही दुकानात चव घेऊन बघत होती. बायकांना २०२३पासून अर्धं तिकीट झालंय. माझं अर्धं तिकीट आणि अर्धा जीव त्या दाराशी लटकत होता. आली ती सावकाश. सगळ्या गाडीला एकेक पेढा वाटला, ड्रायव्हरला दोन.

हा रोग मला वडिलांकडून आला. सुट्टीत आत्याकडे जायचं म्हटलं की ते आदल्या दिवशी स्टँडवर जाऊन चौकशीच्या खिडकीत वाकायचे. आतला माणूस मान वर न करता वेळ सांगायचा. वडिलांचा विश्वास बसायचा नाही. मग कंडक्टरला विचारायचे, मग चहावाल्याला, आणि खरं धरायचे ते चहावाल्याचं. ती वेळ तिकिटाच्या मागे लिहून शर्टाच्या खिशात ठेवायचे आणि तो शर्ट आत्या हमखास धुवायला टाकायची. पहिली एसटी १ जून १९४८ला पुण्याहून नगरला गेली, हे त्यांना पाठ होतं. तीही ते तासभर आधी जाऊन बघत बसले असते.

आत्याच्या गावाला मुक्कामी गाडी होती. संध्याकाळी ती धुरळ्यातून वर यायची आणि आम्ही पोरं तिच्यामागे धावायचो. रात्री कंडक्टर कंदिलाच्या उजेडात पैसे मोजायचा. आत्या दोघांना भाकरी-कालवण पाठवायची, आणि पहाटे ड्रायव्हर चहाला आमच्याच ओट्यावर यायचा. गाडी घरापासून तीस पावलांवर. तरी वडील साडेचारपासून आम्हाला उठवत असायचे: "चला, चला, गाडी सुटेल!" गाडी सोडणारा माणूस समोर बशीत चहा ओतून फुंकर मारत बसलेला. तो एकदा म्हणालाही, "दादा, मी इथंच हाय." पण वडील पिशव्या घेऊन अंधारात निघाले होते.

तर शेंडी. इथून रतनवाडीला आम्ही जीपने जाणार होतो. जीपवाल्या पोराला मी वेळ विचारली. "भरली का निघंल, मावशी." येताना? "भरली का निघंल." या उत्तरावर माझ्यासारखीने काय करावं?

भंडारदऱ्याचं धरण १९२६चं. फाल्गुन सरत आला होता. पाणी बरंच खाली उतरलेलं, उघड्या पडलेल्या मातीत गुरं चरत होती. जीप जलाशयाला वळसा घालत गेली. वाटेत दोन पळस पेटलेले दिसले. याच डोंगरात प्रवरा उगम पावते, आणि तिच्याच काठी, पण पार खाली संगमनेरात, आमच्या दोघींच्या शाळा, लग्नं, बाळंतपणं, सगळं झालं. इथे मात्र आम्ही पहिल्यांदाच येत होतो. नेहमी काही ना काही आडवं आलं. खरं तर सुलू तयार असायची, आणि मी म्हणायचे की एका दिवसात परतीचं जमणार नाही.

रतनवाडीत अंगणाअंगणांत हिरडा वाळत घातलेला. एका घरी जेवण सांगितलं. भाकरी थापणारी बाई आमच्याच वयाची असेल, पण आम्ही तिला आजी म्हणत होतो आणि ती आम्हाला ताई. नागलीची भाकरी, पिठलं आणि असा ठेचा, की सुलूच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने अजून मागितला. आजीला मी विचारलंच, "जीप किती वाजता जाते हो?" तिने तव्यावरची भाकरी उलटली. "जाती ना."

अमृतेश्वराचं देऊळ मी वर्णन करून सांगणार नाही. खांबांवरची नक्षी बघताना मान दुखते, एवढं पुरे. मागे रतनगड उभा होता. त्याचं नेढं बघायला वर जायचं असतं, पण आमचे गुडघे आता तिथवर येत नाहीत. आम्ही पुष्करणीच्या पायऱ्यांवर बसलो. भोवतीच्या कोनाड्यांतले देव आणि आम्ही, सगळेच सावलीला.

सुलू पेढ्याच्या पुडीची दोरी बोटाला गुंडाळत होती. म्हणाली, "जूनमध्ये मुलाकडे जातेय. इथलं घर काढलंय विकायला."

मुलगा टोरांटोला असतो. मला माहीत होतं, म्हणजे कधीतरी हे होणार, एवढं माहीत होतं. काहीतरी बोलायला हवं होतं.

"जीप भरली असेल का गं?" मी म्हटलं.

ती इतकी हसली की पायऱ्यांवरचा कुत्रा उठून गेला.

जीप भरली नव्हती. आम्ही दोघी, एक म्हातारबाबा आणि एक तांदळाचं पोतं. "अजून पाच," पोरगं म्हणालं. शेंडीच्या शेवटच्या एसटीला पाऊण तास उरला होता. सुलूने पर्स उघडली. "पाचांचे पैसे मी देते रे. हिचा जीव जाईल नाहीतर."

मी तिची पर्स बंद केली. "राहू दे. भरेल."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, आणि मग पेढ्यांची पुडी पुन्हा उघडली. म्हातारबाबांनी पेढा घेतला आणि तोंडात न टाकता टोपीत ठेवला, नातीसाठी असणार. ऊन गडावरून हळूहळू खाली सरकत होतं.

शेंडीला पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं. एसटी उभीच होती. ड्रायव्हर टपरीवर चहा पीत होता. तरीसुद्धा मी पळतच गेले.