तुम्ही विचारलंत म्हणून: छापील किमतीच्या वरचे पैसे

बेळगावात गणपत गल्लीच्या जवळ माझे संगणकाचे लहानसे दुकान आहे आणि गेली वीस वर्षे गिऱ्हाईक मला एकच प्रश्न वस्तूचे नाव बदलून विचारत आले आहे: "काय ओ, नवीन आलंय, कुठं मिळत नाही, वरचे पैसे मागतात. द्यावेत का, सांगा की." विचारणारा कधी उद्यमबागेतल्या कारखान्यात पहिला पगार घेतलेला असतो, कधी खानापूरहून येणारा अभियांत्रिकीचा विद्यार्थी. घाईत मी "थांबा" एवढेच सांगतो. त्यामागचे कारण मात्र सांगायचे राहून जाते.

कंपनीने स्वतःच चढी किंमत लावली असेल, तर माझी तक्रार नाही. जून २००७ मध्ये अमेरिकेत पहिला आयफोन विक्रीस आला, तेव्हा आठ जीबीचा फोन ५९९ डॉलरला होता आणि सप्टेंबरात तोच ३९९ डॉलरला मिळू लागला. आधी घेतलेल्यांनी ओरड केल्यावर कंपनीने त्यांना पुढील खरेदीसाठी १०० डॉलर दिले. ते दिले नसते तरी मला गैर वाटले नसते, कारण दर उघड होता आणि नवलाई आधी भोगण्याचे भाडे त्यांनी राजीखुशीने भरले होते.

वरचे पैसे ही गोष्ट निराळी. सप्टेंबर २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० हे ग्राफिक्स कार्ड (संगणकात खेळ आणि चित्रे वेगाने चालवणारा भाग) ६९९ डॉलर किमतीला जाहीर झाले आणि लगेच बाजारातून नाहीसे झाले. घरी बसलेले लोक संगणक घेत होते, अशा कार्डांवर गणिते चालवून आभासी चलन काढणारे ती घाऊक उचलत होते, आणि कार्डातली चिप तयार व्हायला काही महिने व नवा कारखाना उभा राहायला काही वर्षे लागतात. अशा वेळी आमच्या गल्लीत कोणी वीस हजार जास्त मोजले, तरी त्यातला रुपयाही चिप बनवणाऱ्यापर्यंत जात नाही आणि एकही कार्ड अधिक तयार होत नाही.

छापील कमाल किमतीपेक्षा जास्त घेणे दुकानदाराला कायद्याने मना आहे. कोल्हापुरात स्वस्त पडेल म्हणून निपाणी ओलांडणाऱ्यांनाही मी सांगतो की १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून कराचा दर सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच आहे. पण कायद्याला बगल देणारेही आम्हीच. कार्ड छापील किमतीला, मात्र सोबत न खपलेले कॅबिनेट (संगणकाची पेटी) आणि पॉवर सप्लाय घ्यावेच लागतील, अशी अट २०२१ मध्ये मीही दोन गिऱ्हाइकांना घातली. ते वरचे पैसेच होते. पावतीवर दिसत नव्हते इतकेच.

हा व्यवहार मी घरात लहानपणीच पाहिला होता. परवान्यांच्या काळात स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे. वडिलांचा नंबर लागला, तेव्हा त्यांनी ती स्कूटर "ऑन", म्हणजे वरचे पैसे, घेऊन शहापुरातल्या एका व्यापाऱ्याला दिली, त्या पैशांतून घराची कौले बदलली आणि स्वतः सायकलवरच कामाला जात राहिले. त्यांना मी दोष देऊ शकत नाही. कारखान्याने किती स्कूटर काढायच्या हे परवान्यावर ठरत असल्याने त्या "ऑन"मुळे एकही स्कूटर वाढली नाही, हेही तितकेच खरे.

थांबण्यालाही किंमत असते, हे मला उशिरा कळले. २०२१ मध्ये एका विद्यार्थ्याला मी कार्डासाठी थांबायला सांगितले. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली, ते काढायला कार्डे लागेनाशी झाली आणि वापरलेली कार्डे बाजारात येऊन पडली. तो पुन्हा आला आणि तेच कार्ड निम्म्याहून कमी दरात घेऊन गेला, पण धाकट्या भावासाठी. ज्या प्रकल्पासाठी त्याला ते हवे होते, तो त्याने कॉलेजच्या संगणकावर रात्री जागून कसाबसा पुरा केला होता.