मोनोशॉकची गळती आणि तिचे मूळ: माझा अनुभव

मार्चमध्ये घेतलेल्या जुन्या मोटारसायकलच्या मागच्या शॉकॲब्सॉर्बरमधून तेल गळते आहे, हे माझ्या लक्षात यायला मे महिन्याचा शेवटचा आठवडा उजाडला. गाडी १५० सीसीची, सात वर्षे वापरलेली, मागे एकच शॉक, म्हणजे मोनोशॉक असलेली. खारेगावातील एका गृहस्थांकडून ती घेताना मी इंजिनाचा आवाज ऐकला, साखळी आणि टायर पाहिले, कागदपत्रे तपासली आणि खाली वाकून शॉककडेही नजर टाकली. परंतु त्या दिवशी गाडी नुकतीच धुतलेली होती आणि तिचा खालचा भाग डिझेलच्या फडक्याने पुसलेला होता. अशा गाडीवर जुने डाग दिसत नाहीत, त्यामुळे तेल गळते की नाही याचा अंदाज मला बांधता आला नाही. जुनी गाडी पाहायला जाताना ती न धुता ठेवायला सांगावी, आणि निदान पंधरा-वीस किलोमीटर चालवून आल्यानंतर शॉकच्या आत-बाहेर होणाऱ्या रॉडला पांढरा कागद लावून पाहावा, एवढे मी त्या वेळी केले असते तर पुढचे तीन महिने वाचले असते.

कासारवडवलीहून महापे एमआयडीसीपर्यंत माझे रोजचे जाणे-येणे जवळपास ४५ किलोमीटरचे आहे. घोडबंदर रस्ता, कापूरबावडी, बाळकुम, साकेत, कळवा पूल, विटावा आणि तिथून ठाणे-बेलापूर मार्ग, असा हा प्रवास. मेट्रोच्या कामामुळे घोडबंदर रस्त्याची जी अवस्था झाली होती ती ठाणेकरांना सांगायला नको. अशा रस्त्यावर मागचा शॉक खराब झाला तर तो लवकर समजेल असे वाटेल, पण प्रत्यक्षात उलट घडते. रस्ताच इतका उंचसखल असतो की गाडीचा दोष आणि रस्त्याचा दोष यांत फरक करता येत नाही. माझ्या पत्नीला तो माझ्या आधी जाणवला. मागे बसलेली असताना ती एकदा म्हणाली, "अहो, खड्डा केव्हाच मागे गेला, तरी ही गाडी हलतच राहते." त्याच सुमारास रात्री कळवा पुलावर समोरून येणारे लोक मला वारंवार डिपर देऊ लागले होते. माझा दिवा लो-बीमवरच असूनही त्यांच्या डोळ्यांवर येत होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे मला तेव्हा सुचले नाही.

मे अखेरच्या एका रविवारी मी गाडी इमारतीखाली उभी करून सीट जोरात खाली दाबली आणि हात सोडला. शॉक चांगला असेल तर सीट एकदा वर येऊन स्थिरावते. माझ्या गाडीची सीट वर आली, पुन्हा खाली गेली, पुन्हा वर आली. स्प्रिंग वजन पेलत होती, पण तिचे उसळणे आवरणारे तेल आपले काम करीत नव्हते. टॉर्च लावून पाहिले तेव्हा शॉकच्या खालच्या टोकाशी, जिथे तो मागचे चाक धरणाऱ्या चिमट्याला, म्हणजे स्विंगआर्मला जोडलेला असतो, तिथे धूळ आणि तेल यांचा काळपट थर जमलेला दिसला. आधी मला ते साखळीचे तेल वाटले. दोन्हींत फरक असा की साखळीचे तेल चिकट असते आणि साखळीच्या बाजूच्या रिमवर शिंतोड्यांच्या रूपात उडते, तर शॉकचे तेल पातळ असते आणि रॉडवरून ओघळत सरळ खालच्या बोल्टपाशी जमते. खात्री करण्यासाठी मी तो भाग साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडा केला, दोन दिवस गाडी चालवली आणि पुन्हा पाहिले. रॉडभोवती तेलाचे ओले कडे तयार झाले होते आणि खाली ताजा ओघळ होता. रॉडवर तेलाचा अगदी पातळ, बोटाला जेमतेम जाणवेल असा थर असणे स्वाभाविक आहे. ओघळ मात्र स्वाभाविक नाही. ही गळती नुसती गैरसोयीची नसते. मोनोशॉकचे खालचे टोक मागच्या टायरच्या लगेच पुढे असते, आणि वाऱ्याने उडालेले तेल टायरवर गेले तर पावसात गाडी घसरायला आणखी कारण लागत नाही. माझ्या गाडीला मागे ड्रम ब्रेक असल्यामुळे ब्रेकची काळजी त्या मानाने कमी होती. डिस्क असती तर तेल लागलेले पॅड बदलावेच लागले असते.

दुसऱ्या दिवशी मी घराजवळच्या एका गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या माणसाने पाहताक्षणीच सील, म्हणजे रॉडभोवती तेल अडवणारी कडी, गेल्याचे सांगितले, ९०० रुपये मागितले आणि संध्याकाळपर्यंत काम करून देण्याचे कबूल केले. मी थोडा वेळ तिथेच थांबलो होतो. त्याने शॉक उतरवून शिकंज्यात धरला आणि एका जागी बारीक भोक पाडले, तेव्हा आतून जोरात 'फस्स' असा आवाज आला. हा दाबाखाली भरलेला नायट्रोजन बाहेर पडण्याचा आवाज आहे आणि तो असा उघड्या डोळ्यांनी, तोंड जवळ नेऊन सोडणे धोक्याचे आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. अशा शॉकवर तो उघडू नये आणि आगीत टाकू नये असा इशारा लिहिलेला असतो. माझ्या शॉकवरची चिठ्ठी झिजून पुसट झाली होती. त्याने नवी सील बसवली, तेल भरले, भोक झाळून बंद केले आणि संध्याकाळी गाडी माझ्या हाती दिली. पहिले काही दिवस ती छान चालली. नंतर एक विचित्र गोष्ट लक्षात येऊ लागली: घरून निघताना मागची बाजू ठीक वाटायची, पण महाप्याला पोहोचेपर्यंत ती पुन्हा डुलू लागायची. तीन आठवड्यांनी, पावसाने नुकता जोर धरला असताना, रॉडवर ओघळ परत आला.

या टप्प्यावर कारखान्यातील एका सहकाऱ्याने मला कळव्यातील एका वयस्कर मेकॅनिककडे पाठवले. त्यांना सगळे काका म्हणतात. त्यांनी गाडी डबल स्टँडवर घेतली, शॉकच्या रॉडवरचे रबर वर सरकवले आणि मला म्हणाले, "साहेब, सीलला दोष देऊ नका. रॉडवर नख फिरवून बघा." मी नख फिरवले. वरून चकचकीत दिसणाऱ्या रॉडवर रबराखाली झाकलेल्या भागात टाचणीच्या टोकाएवढे गंजाचे खड्डे होते आणि प्रत्येक खड्ड्याशी नख अडकत होते. रॉडवर कठीण क्रोमचा पातळ मुलामा असतो. तो एका जागी जरी फुटला तरी खालच्या पोलादाला गंज चढतो आणि खड्ड्याची कड कानशीसारखी धारदार होते. रॉड आत-बाहेर होताना ही कड सीलची ओठासारखी पातळ कडा प्रत्येक वेळी खरवडते. अशा रॉडवर कितीही चांगली सील बसवली तरी तिचे आयुष्य आठवड्यांतच मोजावे लागणार. नंतर त्यांनी विचारले, "गॅस परत भरला होता का?" मी फक्त तो 'फस्स' आवाज सांगितला. त्यांनी मान हलवली.

गॅस आधीच गेलेला असल्यामुळे तो शॉक कापून पाहण्यात धोका नव्हता. मी विनंती केल्यावर काकांनी स्प्रिंग शिकंज्याने दाबून काढली आणि नळी लेथवर कापून घेतली. आतले तेल करड्या रंगाचे झाले होते आणि त्यावर दुधासारखा फेस होता. घरून निघताना ठीक असणारी गाडी वाटेत का बिघडत होती, याचे उत्तर त्या फेसात होते. रॉडच्या टोकाला पिस्टन असतो. त्याला बारीक छिद्रे आणि त्यांवर पातळ पोलादी चकत्या असतात. चाक वरखाली झाले की तेलाला या अरुंद वाटांतून जावे लागते, आणि त्या अडवणुकीतूनच स्प्रिंगची उसळी शोषली जाते. ती ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. पिस्टन वेगाने सरकला की त्याच्या मागे दाब एकदम घटतो आणि तेलात बुडबुडे धरू लागतात. हे होऊ नये म्हणून दुसऱ्या टोकाला, तेलापासून सरकत्या पडद्याने वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यात, दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो. तो तेलाला सतत दाबून ठेवतो. साधी हवा न भरता नायट्रोजन भरण्याचे कारण असे की तो कोरडा असतो आणि तेलाशी त्याची रासायनिक क्रिया होत नाही. हवेत मात्र बाष्प आणि ऑक्सिजन दोन्ही असतात. माझ्या दुरुस्त केलेल्या शॉकमध्ये हा दाबच उरला नव्हता. खड्ड्यांचा रस्ता संपेपर्यंत तेलाचा फेस होत असे, आणि फेस त्या छिद्रांतून विनासायास निसटतो.

तरीही माझा मूळ प्रश्न शिल्लक होता. सात वर्षांच्या गाडीचा रॉड इतका का गंजला? पुढचा शॉक बसवण्याआधी हे समजणे मला आवश्यक वाटले, कारण गंजाचे मूळ तसेच राहिले असते तर नव्या शॉकचीही तीच गत झाली असती. उत्तर काकांनीच दाखवले. मागचे चाक आणि शॉक यांच्यामध्ये प्लास्टिकचा एक आतला मडगार्ड असतो. माझ्या गाडीवर त्याच्या स्क्रूची दोन रिकामी भोके तेवढी होती. आधीच्या मालकांनी तो केव्हातरी काढून टाकला होता आणि तेव्हापासून टायरने उडवलेला चिखल, वाळू आणि पावसाळी पाणी थेट रॉडवर आदळत होते. त्यात गाडी खारेगावला खाडीजवळ, खाऱ्या हवेत आणि उघड्यावर उभी राहत असे. मी त्या गृहस्थांना फोन केला. मडगार्ड तुटल्यामुळे काढला आणि नवा बसवायचा राहून गेला, असे त्यांनी सरळ सांगितले. पैशांबाबत बोलण्यासारखे काही नव्हते आणि मी बोललोही नाही.

पुढचा मार्ग निवडताना मी रॉडवर पुन्हा हार्ड क्रोम करून घेण्याचाही विचार केला. रबाळे परिसरात अशी कामे करून मिळतात. परंतु जुना मुलामा काढणे, नवा चढवणे, ग्राइंडिंग करून रॉड मूळ व्यासाला आणणे, मग सील, तेल आणि योग्य दाबाने नायट्रोजन, एवढे सगळे एका शॉकसाठी करायचे तर खर्च नव्या शॉकच्या जवळ जात होता. भंगारातून काढलेला शॉक घेणे मला पटले नाही, कारण त्याच्या रॉडचा इतिहास माझ्या जुन्या रॉडहून निराळा असेल याची खात्री कोण देणार? शेवटी कंपनीचा नवा शॉक घ्यायचे ठरवले. सुट्या भागांच्या काउंटरवर जाताना आरसी सोबत न्यावी, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षानुसार शॉक बदललेला असू शकतो आणि चासी क्रमांकावरूनच नेमका पार्ट नंबर निघतो. शॉक ३,८०० रुपयांना आणि आतला मडगार्ड ३४० रुपयांना मिळाला, दोन्ही पक्क्या बिलावर. माल यायला नऊ दिवस लागले. तेवढे दिवस मी गाडी जागेवर ठेवली आणि ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने घणसोलीपर्यंत जाऊन पुढे रिक्षा केली.

बसवण्याचे काम काकांनी केले आणि मी हाताखाली होतो. सीट आणि बाजूची झाकणे काढल्यावर मागचे चाक अधांतरी राहील अशा रीतीने गाडी उचलावी लागते, आणि बोल्ट काढण्याआधी चाकाखाली लाकडी ठोकळा ठेवावा लागतो, नाहीतर चिमटा एकदम खाली कोसळतो. खालचा बोल्ट गंजून इतका घट्ट बसला होता की त्यावर गंज सोडवणारे तेल मारून आम्हाला तासभर थांबावे लागले. तेवढ्या वेळात काकांनी चाक दोन्ही बाजूंनी धरून हलवून पाहिले. चिमट्याच्या बुशमध्ये, म्हणजे तो ज्यांवर फिरतो त्या कड्यांमध्ये, थोडीही ढील असती तर नवा शॉक बसवूनही गाडी मागून वाहवत राहिली असती. बुश ठीक निघाले. त्यांना ग्रीस लावून नवा शॉक चढवला, बोल्ट कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कने, म्हणजे ठरावीक जोराने आवळले आणि आतला मडगार्ड जागेवर बसवला. गाडीची मागची उंची बदलल्यामुळे साखळीचा ढिलेपणा पुन्हा मापावा लागला आणि हेडलाइटही नव्याने जुळवावा लागला. मागची बाजू बसलेली असल्यामुळे दिव्याचा झोत वर जात होता. डिपर देणाऱ्यांची तक्रार अगदी रास्त होती. टायर साबणाने धुऊन तपासला, तेव्हा रबर ठिकठिकाणी खोलगट झिजलेले आढळले. शॉक निकामी असताना चाक रस्त्यावर सारखे टेकत नाही, त्याची ही खूण. टायर अजून काही महिने चालण्यासारखा होता, म्हणून तो ठेवला.

शेवटचे काम मी घरी केले. दहावीत असलेल्या माझ्या मुलाला टेप धरायला सांगितली आणि मागच्या ॲक्सलपासून सीटखालच्या एका ठरावीक खुणेपर्यंतचे अंतर मोजले. चाक अधांतरी असताना ते ४८६ मिलिमीटर होते, आणि मी नेहमीची बॅग घेऊन बसल्यावर ४४४. म्हणजे गाडी ४२ मिलिमीटर बसत होती. या चाकाची एकूण हालचाल ११० मिलिमीटर आहे आणि स्वाराच्या वजनाने त्याच्या साधारण तिसऱ्या भागापर्यंत ती बसणे योग्य मानले जाते. स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करणाऱ्या सात घरांच्या कॉलरवर स्प्रिंग तिसऱ्या घरात होती; विशेष पान्याने ती चौथ्यात नेल्यावर हा फरक ३५ मिलिमीटरवर आला. पत्नीसोबत येऊरला जायचे असेल तेव्हा मी ती सहाव्या घरात नेतो आणि सोमवारी सकाळी चौथ्यात परत आणतो. दर पंधरा दिवसांनी रबर वर सरकवून रॉड मऊ ओल्या फडक्याने पुसतो. प्रेशर पंपाचा झोत मात्र तिकडे जाऊ देत नाही, कारण तो घाण सीलच्या आत ढकलतो. उरलेला पावसाळा घोडबंदर रस्त्यावर काढल्यानंतर, ऑक्टोबरमध्ये २,६०० किलोमीटर झाल्यावर मी रॉडला पांढरा कागद लावून पाहिला. त्यावर अंधूक तेलकट रेष उमटली, ओघळ नव्हता.