डांगरावरचा क्रूस

आमच्या मंडळीत वर्षाचा हिशोब मार्चअखेर व्हायचा नाही, कापणीच्या सणाला व्हायचा. दिवाळी सरली, बाजरी खळ्यावरून घरात आली की पाळकसाहेब पुढचा एखादा रविवार जाहीर करत. (मंडळी म्हणजे चर्चचे सभासद, पाळक म्हणजे त्यांचे धर्मगुरू. हे सांगावं लागतं, कारण गावात 'पाळकसाहेबांची मंडळी आली' असं कुणी म्हटलं तर बायको आली की अख्खं चर्च आलं, हे दारात जाऊन बघूनच कळायचं.)

गाव नेवासे तालुक्यातलं. तिथे खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्यामुळे कीर्तन-सप्ताह तिथल्या हवेतच. आमच्याही चर्चात पेटी, ढोलकी, झांजा आणि ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं. सप्ताहाच्या काल्याला गावातली माणसं उभी राहून 'पुढच्या वर्षीची सातव्या दिवसाची पंगत माझी' असं बोलायची, तसंच आमच्याकडे सणाच्या दिवशी पुढच्या वर्षाचं दान बोलून दाखवायचं. कागदोपत्री त्याला वार्षिक संकल्प असं भारदस्त नाव होतं. आम्ही म्हणायचो आकडा. "यंदा आकडा काय सांगणार?" हा प्रश्न सणाच्या आधी आठवडाभर पाणवठ्यावर, गिरणीवर, बाजारच्या वाटेवर ऐकू यायचा.

ही पद्धत आली कुठून, हे पाळकसाहेब दरवर्षी त्याच प्रवचनात सांगायचे. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईला उतरले, १८३१ मध्ये नगरला आले. पुढे १८५४-५५ मध्ये त्यांना पाठवणाऱ्या बोस्टनच्या बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हिंदुस्थानात आले. त्यांचं म्हणणं एकच, की इथल्या मंडळीने आपला पाळक आपण पोसावा, परदेशातून येणाऱ्या पैशाकडे बघत बसू नये. "सव्वाशे वर्षं होत आली," पाळकसाहेब चष्मा काढून म्हणायचे, "आणि माझा पगार अजून तीन महिने मागे आहे." सगळे हसायचे. चर्चचा कारभार बघणारे पंच मात्र खाली बघायचे.

सणाच्या आदल्या दिवशी बाया चर्च सारवायच्या. दाराला ज्वारीची धाटं आणि झेंडूच्या माळा. सकाळी आठला घंटा झाली की एकेक घर येऊ लागायचं. "सलाम पाळकसाहेब", "सलाम, सलाम". वेदीपुढच्या टेबलावर मापटंभर तूर, पाटीभर वांगी, लसणाची जुडी, अंडी, पाय बांधलेला कोंबडा. ज्यांना जमीन नव्हती, आणि वस्तीत तीच घरं जास्त, ती एका दिवसाच्या मजुरीचे पैसे रुमालाच्या गाठीत आणत. लिलाव उपासनेनंतर. 'एक वार, दोन वार' म्हणणारा आमचा एक बिगारी मेस्त्री होता. त्याच्या गळ्याला लाउडस्पीकर लागत नसे. दोन रुपयांचा भोपळा घेणारा तो पुन्हा टेबलावर ठेवायचा, मेस्त्री परत बोली लावायचा, असा एकेक जिन्नस तीनचारदा विकला जायचा. मुंबईहून सणाला आलेले गिरणी कामगार अंड्यासाठी एकमेकांना चढवायचे. ते बघायला शेजारच्या आळीतली पोरं भिंतीवर बसलेली असत.

लिलाव संपला की गलका आपोआप शांत व्हायचा. खजिनदार लाल बासनात गुंडाळलेली वही उघडायचे आणि घरवार नावं घ्यायचे. नाव घेतलं की उभं राहून आकडा सांगायचा. एका शिक्षकाने महिन्याला पाच रुपये सांगितले, एकाने पाटीभर शेणखत आणि कुळवाची पाळी, एका विधवा बाईने दर शनिवारी झाडलोट. आमच्या चुलत्याने तर एकदा 'वर्षभर घंटा मी वाजवीन' एवढंच सांगितलं. खजिनदारांनी तेही रकान्यात लिहिलं आणि किमतीच्या जागी रेघ मारली.

वहीचा दुसराही एक रकाना होता, 'बाकी'. मागच्या वर्षीचं कुणाचं किती राहिलं, तेही मोठ्याने वाचलं जायचं. तो भाग मला तेव्हाही आवडला नाही, आज तर मुळीच पटत नाही. एका तरुण माणसाची सतरा रुपयांची बाकी दोन वर्षं लागोपाठ वाचली गेली. तिसऱ्या वर्षी तो सणाला आलाच नाही, आणि मग रविवारीही दिसेनासा झाला. देणं मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, द्यावं लागतं म्हणून देऊ नये, हे बायबलचं वचन चर्चच्याच भिंतीवर निळ्या अक्षरात रंगवलेलं होतं. त्याच्याखाली उभं राहून बाकी वाचणाऱ्यांना त्याचं काहीच कसं वाटत नव्हतं, कोण जाणे.

आमच्या घरात आकडा आजी सांगायची. वडील शेजारी उभे असले तरी. तिचा आकडा ठरलेला : अकरा रुपये, दोन पायली बाजरी, एक डांगर. डांगर, म्हणजे लाल भोपळा, हे तिचं खास. पावसाळ्यात उकिरड्याच्या कडेला वेल लागायचा, भांड्यांचं पाणी त्याला जायचं. फळ मुठीएवढं झालं की आजी बाभळीचा काटा घेऊन उकिडवी बसायची आणि कोवळ्या सालीवर दोन रेघा ओढायची, एक उभी, एक आडवी. रेघेतून चीक यायचा, दोन दिवसांत वाळायचा. मग डांगर वाढेल तसा तो क्रूसही वाढत जायचा. सणापर्यंत वीतभर होऊन सालीवर खरखरीत उमटलेला असायचा. बोट फिरवलं की कळायचं. एकदा काटा लागला की त्या डांगराकडे घरातलं कुणी बघायचं नाही. शेवग्याच्या शेंगाही संपल्या, घरात डाळ नाही, अशा आठवड्यातही नाही. मी एकदा विचारलं, "आजी, देवाला कसं कळतं हे त्याचं आहे?" ती म्हणाली, "देवाला नाही रे, मला कळावं म्हणून."

१९७१ च्या सणाला तिने नेहमीचाच आकडा सांगितला. पुढच्या वर्षी पाऊस झालाच नाही. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. विहिरीत कळशीही बुडेना. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. आम्ही पोरं सुकडी (दुष्काळात वाटायचा कोरडा पौष्टिक खाऊ) आणि रेशनचा लाल मिलो (परदेशातून आलेली ज्वारी) यांवर वाढलो. त्या मिलोची भाकरी थापताना तुटायची आणि तव्यावर तिला एक वास यायचा, तो अजून नाकात आहे. डांगराचा वेल श्रावणातच करपला. आजीने बोटाएवढ्या एका फळावर काटा फिरवलाही होता. ते तसंच सुकलं.

सण त्याही वर्षी झाला. पाळकसाहेबांनी विचारलं होतं, करायचा का? पंचांनी सांगितलं, करायचा, लिलाव मात्र नको. टेबलावर मूठमूठ मिलो आणि एका घराने ठेवलेले शेरभर शेंगदाणे. तेही कुठून आणले असतील, विचारवलं नाही. भजनाला आवाज उठेना. खजिनदारांनी वही उघडली, पण 'बाकी'चा रकाना वाचला नाही. त्या दिवसापासून तो कधीच वाचला गेला नाही. नावं मात्र घेतली. बहुतेक जण उभे राहून 'बघू' म्हणाले आणि बसले.

आजीचं नाव आलं. ती म्हणाली, "अकरा रुपये, दोन पायल्या आणि दोन डांगरं."

खजिनदारांनी मान वर केली. "आजी, एकच असतं तुमचं."

"मागचं एक राहिलंय ना."

"अहो, पण पावसाचं कुणी सांगावं?"

"पाऊस मी कुठं लिहा म्हणते? तुम्ही डांगरं लिहा."

चर्चात त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी हसलं. खजिनदारांनी लिहिलं. मग मघाशी 'बघू' म्हणून बसलेले दोघे-तिघे पुन्हा उभे राहिले.

आता मी पिंपरीत राहतो. आमच्या इथल्या चर्चात जानेवारीत एक छापील पत्रक आणि नाव घातलेली बारा पाकिटं मिळतात, दर महिन्याला एक. दोन वर्षांपासून पत्रकावर क्यूआर कोडही असतो. सोय चांगली आहे, कुणाचा अपमान होत नाही, हे मला मनापासून बरं वाटतं. पण आकडा भरताना मी आधी पगार बघतो, कर्जाचे हप्ते वजा करतो, थोडे बाजूला ठेवतो आणि मग लिहितो. म्हणजे पाऊस पडून गेल्यावर. वर्षानुवर्षं हे असंच चाललं आहे, आणि त्यात बदल करायचं धाडस अजून झालेलं नाही.

१९७३ ला पाऊस लागला. वेलाला पाच डांगरं धरली. आजीला तोवर जवळचं दिसेनासं झालं होतं, म्हणून दोन डांगरांवर काटा फिरवायचं काम माझ्याकडे आलं. पहिलं जमलं. दुसऱ्यावर हात घसरला आणि क्रूस तिरपा झाला. वाढता वाढता तो इतका तिरपा झाला की सणाला मेस्त्रीने ते डांगर डोक्यावर धरलं आणि ओरडला, "हे बघा, गुणाकाराचं डांगर! जो घेईल त्याचं दुप्पट!" मी लाजेने आईच्या मागे लपलो. त्या डांगराने मात्र त्या दिवशी कमाल केली. ते सहा वेळा विकलं गेलं. मुंबईचे दोघे हट्टाला पेटले होते, शेवटी ते पाळकसाहेबांच्या पत्नीने घेतलं आणि तडक चुलीकडे नेलं.

दुपारच्या पंगतीत प्रत्येकाच्या पत्रावळीवर त्याच्या दोन-दोन फोडी आल्या. आजी जेवून उठली, चुलीपाशी गेली आणि म्हणाली, "बाई, बिया टाकल्या नाहीत ना?" बिया राखेत घोळून फडक्यावर वाळत घातल्या होत्या. तिने त्या पदरात बांधल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून घराकडे निघाली.