प्रागसाठी निवडलेल्या तीन लेन्सेस

परदेशातले एखादे शहर पाहायला निघताना कॅमेऱ्याच्या पिशवीत कोणत्या लेन्सेस भराव्यात, हा प्रश्न बहुतेक जण कपाटातल्या लेन्सेसपासून सोडवायला घेतात. मला तो शहराच्या नकाशापासून सोडवावासा वाटतो. इमारत किती उंच आहे, तिच्यासमोर मागे सरकायला किती जागा आहे, आत उजेड किती असेल आणि नदीपलीकडून ती किती अंतरावर दिसेल, एवढे समजले की लागणारी फोकल लेंग्थ (लेन्सवरचा मिमीचा आकडा; तो लहान तेवढे रुंद दृश्य मावते, मोठा तेवढे दूरचे मोठे दिसते) जवळजवळ ठरूनच जाते. ऑक्टोबरात मी आणि माझा नवरा चेक प्रजासत्ताकाच्या राजधानीला, प्रागला गेलो, तेव्हा मी हीच रीत वापरली आणि तिचा फार उपयोग झाला.

प्राग निवडीच्या दृष्टीने अवघड शहर आहे, कारण तिथे सगळ्या तऱ्हेची अंतरे आहेत. व्ल्टावा नदीच्या एका काठावर टेकडी व तिच्यावर किल्ला, पायथ्याशी माला स्त्राना नावाची जुनी वस्ती, समोरच्या काठावर जुने गाव आणि त्यातले अरुंद, वळणावळणांचे बोळ. सकाळी एखाद्या गगनचुंबी मनोऱ्याच्या अगदी पायाशी उभे राहावे आणि संध्याकाळी तोच मनोरा नदीपलीकडच्या बागेतून पाहावा, असे या शहरात रोज घडते.

माझा कॅमेरा निकॉनचा फुल फ्रेम मिररलेस आहे, म्हणजे मोठ्या सेन्सरचा आणि आत आरसा नसलेला. लेन्सच्या नावातला एफचा आकडा जेवढा लहान, तेवढा तिच्यातून जास्त प्रकाश येतो. त्याच्यासाठी एफ/२.८ च्या १४-२४, २४-७० आणि ७०-२०० या तीन झूम लेन्सेस घेतल्या, तर केवळ लेन्सेसचे वजन २.८ किलोच्या पुढे जाते. मी नेलेल्या तीन लेन्सेस अशा होत्या : २४-१२० मिमी एफ/४, वजन ६३० ग्रॅम, १४-३० मिमी एफ/४, वजन ४८५ ग्रॅम, आणि ४० मिमी एफ/२ ही छोटी प्राइम, म्हणजे झूम न होणारी, एकाच फोकल लेंग्थची लेन्स, वजन फक्त १७० ग्रॅम. तिन्ही मिळून १.३ किलोसुद्धा भरत नाहीत. हा दीड किलोचा फरक घरच्या काट्यावर किरकोळ वाटतो, पण किल्ल्याकडे चढणाऱ्या नेरुदोवा रस्त्यावरच्या दगडी फरसबंदीवरून दिवसभर चालताना तो खांद्याला नीट कळतो. शिवाय कॅमेरा आणि लेन्सेस केबिन बॅगेतच ठेवायच्या असतात आणि बऱ्याच विमान कंपन्यांची केबिन बॅगेची मर्यादा ७ किलो असते, तेव्हा हा हिशेब मुंबईच्या विमानतळापासूनच सुरू होतो. जास्तीच्या बॅटऱ्याही चेक-इन सामानात टाकता येत नाहीत, त्या जवळच बाळगाव्या लागतात. उपकरणे महाग असतील तर निघताना विमानतळावर सीमाशुल्क विभागाकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे, म्हणजे परतताना त्यांच्यावर शुल्काचा प्रश्न उभा राहत नाही.

वजनाचा विचार करताना मला योसेफ सुदेक या छायाचित्रकाराची आठवण येते. १८९६ साली जन्मलेल्या सुदेक यांनी पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावला, आणि तरीही मोठ्या आकाराचे लाकडी कॅमेरे घेऊन ते आयुष्यभर प्राग टिपत राहिले. त्यांची चित्रे पाहिल्यावर साधन निवडताना आधी आपल्याला काय पाहायचे आहे हे ठरवावे लागते, ही गोष्ट मनावर पक्की ठसते.

निवड करण्यापूर्वी मी आणखी दोन गोष्टी केल्या. आधीच्या प्रवासांतली छायाचित्रे संगणकावर फोकल लेंग्थप्रमाणे वेगळी काढून पाहिली. त्यांतली बहुसंख्य २४ ते ५० मिमीच्या दरम्यान होती आणि दुसरा मोठा गट थेट १०० च्या पुढे होता. मधला पट्टा विरळ होता. त्यामुळे ५० आणि ८५ मिमीच्या प्राइम लेन्सेसचा मोह सहज सुटला. दुसरी गोष्ट म्हणजे पुण्याच्या महात्मा फुले मंडईत एक सकाळ फक्त ४० मिमी लावून काढली. उंच छताखालचा मंद उजेड, हलती माणसे आणि मागे सरकायला नसलेली जागा या तिन्ही अडचणी तिथे एकत्र भेटतात, आणि त्या लेन्सशी डोळ्याची सवय घरीच होऊन जाते. ज्यांच्याकडे एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा कॅमेरा आहे, त्यांनी या लेखातले आकडे दीडने भागून घ्यावेत : २४-१२० च्या जागी १६-८०, १४ च्या जागी ९ किंवा १०, आणि ४० च्या जागी २७ मिमीच्या आसपासची लेन्स.

किल्ल्याच्या आवारातले सेंट विटस कॅथेड्रल हे माझ्या नकाशावरचे सर्वांत अवघड ठिकाण होते. १३४४ साली सुरू झालेले हे काम १९२९ मध्ये पूर्ण झाले. दुसऱ्या चौकातून कमानीखालून तिसऱ्या चौकात पाऊल टाकले की पश्चिमेचे दोन मनोरे एकदम अंगावर आल्यासारखे समोर उभे राहतात. त्यांची उंची ८२ मीटर आहे. कॅमेरा उभा धरून जमिनीला समांतर ठेवला, तर २४ मिमीच्या चौकटीत आपल्यापासूनच्या अंतराच्या सुमारे पाऊणपट उंची मावते आणि १४ मिमीच्या चौकटीत सुमारे १.३ पट. म्हणजे हे मनोरे सरळ रेषांसह पूर्ण टिपायला २४ मिमीला जवळपास ११० मीटर आणि १४ मिमीला ६० मीटरांहून थोडे जास्त अंतर लागते. कमान आणि दर्शनी भिंत यांच्यामध्ये एवढी जागा नाही. कॅमेरा वर कलवला की मनोरे मागे कोसळल्यासारखे दिसतात. पुढे संगणकावर रेषा सरळ करता येतात, पण त्यात चौकटीच्या कडा जातात, म्हणून मी १४ मिमीवर चारी बाजूंनी भरपूर जागा सोडून चित्रे घेतली. ती दस्तऐवज म्हणून चांगली आहेत. तरी माझ्या मते त्या जागी अख्खी इमारत पकडण्याचा हट्ट धरू नये. दरवाज्यावरचे कोरीवकाम आणि गोल खिडकीची नक्षी १०० ते १२० मिमीवर घ्यावी, आणि कॅथेड्रलचे पूर्ण रूप नदीपलीकडून टिपावे.

आत शिरल्यावर मात्र हिशेब उलटा होतो. आतल्या छताची उंची ३३ मीटर आणि इमारतीची लांबी १२४ मीटर आहे. बाहेर १४ मिमीही अपुरी पडते आणि आत २४ मिमी पुरते, कारण मागे सरकायला जागा आहे. उलट १४ मिमी लावली की दूरची वेदी ठिपक्याएवढी होते आणि जवळचे खांब फुगून कडेला ताणले जातात. उंच आणि भव्य जागा दिसली की हात आपोआप वाइड लेन्सकडे जातो; तिथे एक क्षण थांबून खोली किती आहे हे पाहावे.

उत्तरेकडच्या तिसऱ्या छोट्या प्रार्थनागृहात चेक चित्रकार आल्फॉन्स मुखा यांनी रेखाटलेली रंगीत काचेची खिडकी आहे. ती १९३१ सालची आहे. तिच्या पायाशी गर्दी असते आणि तिथून ती तिरकी दिसते, म्हणून मी समोरच्या बाजूला जाऊन ८५ ते १२० मिमीवर तिचे तुकड्यातुकड्यांनी फोटो घेतले. इथे उजेड काचेपुरता मोजावा लागतो. कॅमेऱ्याला आसपासच्या काळ्या भिंती मोजू दिल्या, तर काच पांढरी पडते आणि निळा व सोनेरी हे दोन्ही रंग हातचे जातात.

स्त्राहोव मठाच्या ग्रंथालयात निवड करायला फारसा वाव नसतो, कारण सर्वसाधारण पाहुण्यांना दोन्ही दालने दारातूनच पाहावी लागतात. तत्त्वज्ञानाचे दालन ३२ मीटर लांब आहे. उंबऱ्यावरून २४ ते ३० मिमीवर पुस्तकांच्या कपाटांच्या रांगा आणि छतावरचे चित्र दोन्ही व्यवस्थित येते. मागे रांग असते, म्हणून लेन्स आधीच लावून ठेवावी आणि कॅमेऱ्यातल्या स्टॅबिलायझेशनवर (हाताची थरथर सावरणाऱ्या सोयीवर) भरवसा ठेवून १/१५ सेकंदासारखा संथ शटर वापरावा. अशा वास्तूंत ट्रायपॉडला सहसा परवानगी नसते. मी तो नेलाच नव्हता.

चार्ल्स ब्रिजला मी पहाटे गेले. १३५७ साली बांधायला घेतलेला, ५१६ मीटर लांबीचा हा पूल दिवसा माणसांनी इतका भरलेला असतो की त्याचा दगड दिसत नाही. ऑक्टोबरात सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो, म्हणजे तासभर आधी पोहोचण्यासाठी फार लवकर उठावे लागत नाही. उजेड फुटण्यापूर्वीच्या त्या निळ्या वेळेत ४० मिमीची एफ/२ कामी आली. एफ/४ पेक्षा तिच्यातून चौपट प्रकाश येतो. जिथे झूमला आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ६४०० लागले असते, तिथे १६०० वर भागते. दिव्यांकडे तोंड करून फोटो घेताना लेन्सवरचा यूव्ही फिल्टर मी काढून ठेवते, कारण काचेच्या त्या एका जादा थरामुळे दिव्यांची हिरवट प्रतिबिंबे आकाशात उमटतात. संरक्षणासाठी हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडाला लावायचे कडे, पुरेसा असतो.

उजाडल्यावर मी २४-१२० लावली. पुलाच्या दोन्ही कठड्यांवर मिळून ३० पुतळे आणि पुतळ्यांचे समूह आहेत. ते एकामागे एक दाटीने उभे असल्यासारखे दिसावेत अशी माझी इच्छा होती. हा परिणाम लेन्समुळे होतो असे सर्रास सांगितले जाते; खरे तर तो आपण कुठे उभे आहोत यावर ठरतो, आणि लांब लेन्स फक्त त्या दूरच्या दृश्यातला हवा तेवढा भाग निवडते. म्हणून झूम फिरवण्याआधी मी पन्नास-साठ पावले मागे गेले, कठड्याजवळ सरकले आणि मग १२० मिमीवर पाहिले. पुतळे एकमेकांच्या खांद्यामागे उभे राहिले आणि त्यांच्या टोकाला माला स्त्रानाचा मनोरा आला. पुलाच्या जुन्या गावाकडच्या टोकाशी जो मनोरा आहे, त्याच्यावर चढता येते. तिथून पुलाची पूर्ण लांबी आणि उजवीकडे टेकडीवरचा किल्ला ५० मिमीच्या आसपास एकाच चौकटीत बसतो.

जुन्या गावाच्या चौकात १४१० सालचे खगोलीय घड्याळ आहे. सकाळी ९ पासून रात्री ११ पर्यंत दर तासाला त्याच्या वरच्या दोन खिडक्यांतून येशूच्या शिष्यांच्या मूर्ती सरकत जातात. लोक अगदी घड्याळाखाली उभे राहून मोबाइल उंचावतात, पण तिथून मूर्तींच्या हनुवट्याच दिसतात. गर्दीच्या मागच्या कडेला उभे राहून १२० मिमीवर खिडक्या समोरून दिसतात. त्याच इमारतीच्या मनोऱ्यावरची गच्ची अरुंद आहे, आणि तिथे मात्र १४-३० लागतेच : खाली चौक, समोर टीन चर्चचे ८० मीटर उंचीचे जुळे मनोरे आणि मागे लाल कौलांचा समुद्र हे सारे १८ मिमीपेक्षा मोठ्या फोकल लेंग्थमध्ये मावत नाही.

बोळांसाठी मी एक पूर्ण दिवस बाकीच्या दोन्ही लेन्सेस हॉटेलवर ठेवल्या आणि फक्त ४० मिमी घेऊन निघाले. लेन्स बदलण्याचा विचारच डोक्यात नसल्यामुळे चालण्याला लय येते. किल्ल्यामागच्या नोवी स्वेत या शांत गल्लीत, दारांच्या रंगांत आणि खिडकीतल्या कुंड्यांत तो दिवस गेला. संध्याकाळी पाऊस पडून गेला होता आणि फरसबंदी दिव्यांच्या उजेडात चमकत होती. किल्ल्याकडे जाणाऱ्या २२ नंबरच्या ट्रामबरोबर १/३० सेकंदावर कॅमेरा फिरवत राहिले, तेव्हा काही चौकटींत ट्राम स्पष्ट आणि मागची घरे रेघांसारखी आली. लहान लेन्सचा आणखी एक गुण म्हणजे समोरचा माणूस बिचकत नाही. तरीही फळवाल्याचा किंवा बाकावरच्या आजींचा फोटो घेण्याआधी मी नजरेने विचारते, आणि मान हलली नाही तर कॅमेरा खाली घेते.

लेट्ना बागेच्या कड्यावरून व्ल्टावाचे पूल एकामागे एक दिसतात. त्या दृश्यासाठी ७०-२०० हवी होती का, हा प्रश्न मी घरून निघण्याआधीच स्वतःला विचारला होता. २४ मिमीवर तिथून आकाश आणि पाणीच जास्त येते आणि पूल बारीक रेघा होतात. १२० मिमीवर चौकटीत पूलच जास्त येतात, पण चार्ल्स ब्रिजवर नजर थांबावी एवढे मोठे होत नाहीत. माझ्या २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरचा मधला एपीएस-सी भाग वापरला की १२० मिमीची चौकट १८० मिमीएवढी होते आणि हाती सुमारे १० मेगापिक्सेलची फाइल उरते. एवढ्या एका दृश्यासाठी १.३ किलोहून जड लेन्स आठवडाभर खांद्यावर वागवण्यापेक्षा मला हा मार्ग पटला. सूर्य मावळल्यानंतर पुलांवरचे दिवे लागले, तेव्हा कॅमेरा कठड्यावर टेकवून दोन सेकंदांच्या टायमरने मी तो फोटो घेतला. परतल्यावर त्या फाइलचा १२ बाय ८ इंची प्रिंट पुण्यात काढून घेतला. त्यात चार्ल्स ब्रिजवरच्या पुतळ्यांच्या आकृती एकमेकींपासून वेगळ्या ओळखता येतात.