डिस्ने वर्ल्डमध्ये एकटीने जेवताना

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला एकटीने जायचं ठरवलं तेव्हा राइड्सची मला चिंता नव्हती. एकट्या माणसाची तिथे उलट सोयच होते. एक्स्पेडिशन एव्हरेस्ट या रोलरकोस्टरला सिंगल रायडरची, म्हणजे एकट्याने बसणाऱ्यांची, वेगळी रांग आहे. डब्यात एखादी जागा सुटी उरली की तिथे आपल्याला बसवतात आणि बरेचदा मुख्य रांगेपेक्षा खूप लवकर नंबर लागतो. घोर होता तो जेवणाचा. १९७१ पासून ही जागा कुटुंबांची म्हणूनच ओळखली जाते. टेबलं चौघांची, ताटं वाटून खायची, आणि भोवती वाढदिवसाच्या टोप्या घातलेली मुलं. अशा ठिकाणी एक बाई एकटीच बसून शांतपणे जेवतेय हे चित्र माझ्याच डोळ्यांसमोर नीट उभं राहत नव्हतं.

सोपा मार्ग होता: काउंटरवरून काहीतरी उचलायचं आणि खोलीत नेऊन खायचं. ते मला करायचं नव्हतं. मला जेवायला आवडतं, आणि तिथली कितीतरी रेस्टॉरंटं ही एखाद्या राइडइतकीच बघण्यासारखी आहेत. म्हणून ठरवलं की दिवसातलं एक जेवण तरी आधी टेबल राखून, निवांत बसून करायचं. त्याच्या तयारीत जे कळलं ते एकट्याने जाणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहिते.

टेबलाचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, तिथल्या वेळेने सकाळी ६ च्या सुमारास. भारतात बसून करणाऱ्यांसाठी म्हणजे उन्हाळ्यात दुपारचे साडेतीन, हिवाळ्यात साडेचार. डिस्नेच्याच हॉटेलात राहणार असाल तर मुक्कामाच्या पहिल्या दिवसाच्या ६० दिवस आधी पुढच्या १० दिवसांपर्यंतची सगळी टेबलं एकदमच राखता येतात, आणि हा फायदा मोठा आहे. बुकिंगला क्रेडिट कार्ड लागतं. न सांगता गैरहजर राहिलात किंवा शेवटच्या दोन तासांत रद्द केलंत तर बहुतेक ठिकाणी माणशी १० डॉलर कापतात. एकट्या माणसाला ही अट सोपी जाते, कारण बेत बदलायला कुणाला विचारावं लागत नाही. संध्याकाळी पाय दुखायला लागले तर चार वाजताच डिस्नेचं अ‍ॅप उघडून सातचं टेबल सोडून द्यायचं.

एकाच माणसाचं टेबल शोधताना कधी कधी काहीच दिसत नाही. तेव्हा नाद सोडायचा नाही. लोक बेत बदलतात आणि टेबलं परत सुटतात. आदल्या दिवशी रात्री आणि त्याच दिवशी सकाळी पुन्हा पाहायचं. शिवाय अ‍ॅपमध्ये वॉक-अप यादी असते. रेस्टॉरंटच्या जवळ असलात आणि यादी उघडी असली तर नाव टाकता येतं. पाच जणांना यात थांबावं लागतं. एका माणसाची वर्णी कुठेतरी लागतेच, असा माझा अनुभव आहे.

दुपारचं जेवण मी काउंटरवरच उरकायचे, आणि एकटं असण्याची खरी अडचण तिथेच येते. कुटुंबातला एक जण रांगेत उभा राहतो, दुसरा टेबल पकडतो, तिसरा टिश्यू आणि पाणी आणतो. आपण एकटेच. ट्रे हातात, पाठीवर सॅक, आणि बाराच्या उन्हात सगळी टेबलं भरलेली. यावर औषध म्हणजे मोबाइल ऑर्डर. अ‍ॅपमध्ये ऑर्डर आधीच देऊन ठेवायची, वेळ निवडायची, आणि पोहोचलात की 'मी आलेय' असं बटण दाबायचं. मग ते बनवायला घेतात. डिस्ने वर्ल्डमध्ये ही सोय २०१७ साली अ‍ॅनिमल किंग्डम या तिथल्या पार्कमध्ये पँडोरा नावाचा भाग सुरू झाला तेव्हा तिथल्या सातुली कँटीनपासून आली. मी साडेदहा-अकराची नाहीतर अडीचनंतरची वेळ घ्यायचे. तेव्हा जागा असते, आणि हात धुवायला उठलं तर ट्रे कुणी उचलून नेईल ही धास्ती नसते. साध्या पाण्याचे पैसे तर देऊच नका. शीतपेयांचं यंत्र असलेल्या काउंटरवर बर्फाच्या पाण्याचा पेला मागितला की फुकट मिळतो. मोठ्यांचं पूर्ण ताट जात नसेल तर लहान मुलांच्या मेन्यूतलं मागवा, काउंटरवर मोठ्यांनाही देतात. मी शाकाहारी असल्यामुळे मेन्यूवरचं हिरवं पान शोधायचे. ज्या पदार्थापुढे ते असतं त्यात मांस, दूध, अंडी, मध यांतलं काहीच नसतं.

आता टेबलावरच्या जेवणाकडे येते. एका रेस्टॉरंटच्या दारात मला विचारलं, "फक्त एकच?" आणि स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराला लागून असलेल्या टेबलाशी नेऊन बसवलं. दार उघडलं की भांड्यांचा आवाज आणि गरम वाफ थेट अंगावर. बाजूला खिडकीजवळची दोन टेबलं मोकळी होती. मी बसले नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले आणि म्हटलं, "मला खिडकीजवळचं टेबल मिळेल का?" त्या मुलीने हातातला तक्ता पाहिला, म्हणाली, "हो, चला की," आणि मला तिकडे नेलं. विषय एवढ्यावर संपला. मला ठामपणे वाटतं की एकट्या माणसाने हे प्रत्येक वेळी विचारावं. आपण पूर्ण पैसे देणारं गिऱ्हाईक आहोत, आणि एकदा बसून मेन्यू उघडला की मग उठवत नाही. त्यानंतर मी दारातच सांगायला लागले: "एकटीच आहे, बाहेरचं दिसेल अशी जागा हवी." फरक पडला.

पण टेबल कुठलं यापेक्षा रेस्टॉरंट कुठलं याचा फरक जास्त पडतो. समोर बघायला काही असेल, किंवा सगळेच अनोळखी लोकांसोबत बसत असतील, तर आपण एकटे आहोत हे कुणाच्या, आपल्याही, लक्षात राहत नाही. एपकॉट या पार्कमधल्या जर्मनी पॅव्हेलियनमधलं, म्हणजे जर्मनीच्या धर्तीवर उभारलेल्या भागातलं, बियरगार्टन त्यासाठी मला सर्वांत आवडलं. आत गेल्यावर कायम रात्रच असते. गावातला चौक, भोवती घरांच्या खिडक्या, आणि मधे आठ-आठ जणांची लांब टेबलं. लहान कुटुंबांनाही इथे दुसऱ्यांसोबतच बसावं लागतं, त्यामुळे कोण एकटं आलंय हा प्रश्नच उरत नाही. माझ्या टेबलावर एक आजी-आजोबा आणि त्यांचा शाळकरी नातू होता. बुफे असल्यामुळे उठावं लागतं, आणि मी पर्स उचलून निघणार तेवढ्यात आजी म्हणाल्या, "राहू दे गं, मी आहे इथे." पुढच्या फेरीला त्या गेल्या आणि त्यांची पिशवी मी सांभाळली. एवढ्यावरून गप्पा सुरू झाल्या त्या बँड वाजायला लागेपर्यंत चालल्या. मग अ‍ॅकॉर्डियन, ढोल, आणि गाईच्या गळ्यातल्या घंटांवर वाजवलेली धून. नातवाने मला हाताला धरून नाचायच्या जागेवर नेलं.

शाकाहारी माणसाने मात्र इथे आधी शेफला बोलवावं. बटाट्याच्या सॅलडमध्येसुद्धा बेकन असू शकतं. मी वेट्रेसला सांगितल्यावर शेफ स्वतः आला आणि बुफेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत, एकेक पातेल्याकडे बोट दाखवून, मला काय चालेल आणि काय नाही ते सांगितलं. जपान पॅव्हेलियनमधल्या तेप्पान एदोतही तव्याभोवती असंच अनोळखी लोकांबरोबर बसतात.

खरी भीती मला कॅरॅक्टर डायनिंगची होती. मिकी आणि मंडळी टेबलाटेबलापाशी येतात, मिठ्या मारतात, फोटो काढतात. सगळा थाट मुलांसाठी. मोठ्या बाईने तिथे एकटीने जावं का? मी एपकॉटमधलं गार्डन ग्रिल निवडलं, कारण त्याचा मजलाच गोल फिरतो आणि खाली 'लिव्हिंग विथ द लँड' या बोटीच्या राइडमधले देखावे सरकत जातात. कुणी आलं नाही तरी बघायला काही असेल, असा हिशेब होता. पण आले, सगळे आले. आधी प्लूटो हा कुत्रा, मग मिकी, आणि मग चिप. चिप आणि डेल या कार्टूनमधल्या दोन खारी ओळखायच्या नाकावरून. चिपचं काळं, डेलचं लाल. चिपने माझ्याकडे पाहिलं, समोरच्या रिकाम्या बाकाकडे पाहिलं, आणि सरळ तिथे बसला. माझा मेन्यू ओढून घेतला, उलटा धरला, बोट फिरवत वाचल्यासारखं केलं आणि मान हलवली. ही पात्रं बोलत नाहीत, त्यामुळे मीच बोलत होते आणि तो हावभावांनी उत्तरं देत होता. शेजारच्या टेबलावरची मुलं खुर्चीवर उभी राहून बघत होती. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. फोटो वेट्रेसने काढले. तिनेच न सांगता फोन मागून घेतला.

एकट्या माणसाचं टेबल असल्यामुळे ही पात्रं कमी वेळ थांबतात हा माझा समज पार चुकीचा निघाला. मला तर वाटलं, कुणाशी आधी बोलायचं हा गोंधळ नसल्याने जास्तच थांबतात.

हॉलिवूड स्टुडिओज या पार्कमधल्या दोन जागा याच न्यायाने चांगल्या आहेत. साय-फाय डाइन-इन थिएटरमध्ये जुन्या पद्धतीच्या मोटारीत बसून समोरच्या पडद्यावर विज्ञानपटांचे तुकडे बघत जेवायचं. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. फिफ्टीज प्राइम टाइम कॅफेत वाढणारी माणसं घरातलीच असल्यासारखी वागतात. टेबलावर कोपरं टेकवलीत तर ओरडतात आणि भाजी संपवल्याशिवाय ताट उचलत नाहीत. ज्यांना शांतता हवी त्यांनी इथे जाऊ नये. गप्पांची भूक असेल तर जरूर जावं.

शांतता हवी असेल तर सना हे रेस्टॉरंट. अ‍ॅनिमल किंग्डम लॉज या डिस्नेच्या हॉटेलाच्या किदानी व्हिलेजमध्ये, तळमजल्यावर. तिथे राहत नसलात तरी जेवायला जाता येतं, पण मोनोरेल तिथे जात नाही, बसने नाहीतर गाडीने जावं लागतं. जेवण आफ्रिकी आणि भारतीय वळणाचं. ब्रेड सर्व्हिस मागवली की नान, कुलचा, पराठा अशा पाच प्रकारच्या पोळ्या आणि नऊ वाट्या येतात: रायता, चिंचेची चटणी, कोथिंबिरीची चटणी, लसणाचं लोणचं वगैरे. एका माणसाला हे भरपूर होतं. उरलेलं बांधून घेतलं आणि खोलीतल्या छोट्या फ्रिजमध्ये ठेवलं. काचेबाहेर गवताळ माळ आहे आणि त्यावर जिराफ, झेब्रे चरत असतात. मी पुस्तक नेलं होतं, ते उघडलंच नाही. अंधार पडल्यावर यातलं फारसं दिसत नाही, म्हणून टेबल सूर्यास्ताच्या बरंच आधीचं घ्या, आणि खिडकी मागा.

ज्या दिवशी काहीच ठरवलेलं नसे त्या दिवशी मी बारच्या काउंटरवर जेवले. दारू न पिणारीला हे विचित्र वाटेल, मलाही आधी वाटलं होतं, पण तिथे नुसतं जेवलेलं चालतं. मॅजिक किंग्डम या पार्कहून बोटीने वाइल्डरनेस लॉज या हॉटेलला गेलं की तळ्याकाठी गायझर पॉइंट आहे, चारी बाजूंनी मोकळं, बुकिंगची गरज नाही. बारटेंडर समोरच असतो, त्यामुळे कुणीतरी येण्याची वाट पाहावी लागत नाही. पेय घेणार असाल तर पासपोर्ट जवळ ठेवा. फ्लोरिडात २१ वर्षांची अट आहे आणि कागद मागतात.

राहिलं बिल. मेन्यूवरची किंमत ही शेवटची नसते. तिच्यावर पार्कांच्या भागात साडेसहा टक्के विक्रीकर लागतो आणि टिप वेगळी. सहा किंवा जास्त जणांच्या गटाला १८ टक्के टिप बिलातच लावून येते. एकट्याला ती आपल्या हाताने लिहावी लागते. मी २० टक्के देत होते. म्हणजे ४० डॉलरचं जेवण असेल तर २ डॉलर ६० सेंट कर, ८ डॉलर टिप, एकूण ५० डॉलर ६० सेंट. बुफेलाही टिप द्यायची, कारण पेयं आणणारे, ताटं उचलणारे, आणि माझ्या बाबतीत फोटो काढणारे, तेच असतात. डिस्नेच्या हॉटेलात उतरला असाल तर मनगटावरचा मॅजिकबँड टेकवून आणि पिन टाकून बिल खोलीच्या खात्यावर टाकता येतं. तरीही प्रत्येक पावती ठेवा आणि रात्री अ‍ॅपमधल्या खात्याशी ताडून पाहा. सोबत दुसरं कुणी नसलं की हिशेब आठवून सांगणारंही कुणी नसतं.